फोटोच्या मेणबत्त्या घरी, मुलांना हाताशी घेऊन करायच्या असतील तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला डिसेंबरात 50 वर्षं होतायत, हॉलमधल्या टेबलांवर त्यांच्या जुन्या फोटोंच्या मेणबत्त्या ठेवायच्यात, आणि विकत न आणता चौथीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा यांना बरोबर घेऊन घरीच करायच्यात. ट्रायल घेतलीत तेव्हा फोटो छापायला घातलेला टिश्यू पेपर प्रिंटरमध्ये अडकला, मग दुसरा फेविकॉलने चिकटवला तर शाई पसरली आणि सुरकुत्या पडल्या, आणि कशीबशी एक जमली ती पेटवल्यावर थोड्या वेळाने फोटोनेच पेट घेतला. घरी इंक टँकवाला प्रिंटर आहे.

मी मेणबत्त्यांचे क्लास घेते, दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आई-मुलांच्या बॅचेस असतात, आणि फोटोवाल्या मेणबत्तीला त्यात सगळ्यात जास्त मागणी असते. तुमच्या तीन तक्रारींपैकी शेवटची आधी घेते, कारण नेमकी मेणबत्ती कुठली घ्यायची, किती जाड घ्यायची, फोटो केवढा ठेवायचा हे सगळं त्या एकाच गोष्टीवर ठरतं.

फोटोने पेट घेतला यात तुमचं काही चुकलेलं नाही, मेण प्यायलेला कागद तसाच वागतो. मेणबत्तीची वात म्हणजे तरी काय, मेण शोषून घेणारा दोरा. वितळलेलं मेण दोऱ्यातून वर चढतं, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. (मुलांना दाखवायचं असेल तर साधी मेणबत्ती फुंकून विझवा आणि वर जाणाऱ्या धुराला लगेच काडी लावा, ज्योत धुरातून खाली उडी मारून वातीवर येते. मायकेल फॅरेडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळात मुलांना हेच करून दाखवायचा.) आता टिश्यू पेपर मेणबत्तीच्या अंगावर वितळवून बसवला म्हणजे आपण बाहेरून गोल एक दुसरी वातच गुंडाळली की! जोपर्यंत मधली ज्योत त्या भिंतीपर्यंत पोचत नाही तोपर्यंत काही होत नाही, पोचली की कागद काठापासून पेट घेतो आणि मग ती ज्योत एका जागी राहत नाही, काठाने पसरत जाते. आपल्याकडे त्यात भर म्हणजे डोक्यावरचा पंखा. पंख्याच्या वाऱ्याने ज्योत एका बाजूला कलते, त्या बाजूची भिंत आधी वितळते, आणि बरोबर तिथेच फोटो असतो.

म्हणून माझा नियम एकच आहे, फोटो आणि ज्योत एकमेकांना भेटणार नाहीत अशीच मेणबत्ती करायची. सांभाळून पेटवू, लक्ष ठेवू, असं म्हणून चालत नाही. पन्नास-शंभर माणसांच्या हॉलमध्ये लक्ष कोण ठेवणार? तुम्ही जेवणाची पंगत बघणार का टेबल क्रमांक सातवरची मेणबत्ती?

आणि दुसरं एक कारण आहे जे क्लासमध्ये मी पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकते. आपल्याकडे माणसाचा फोटो आणि समोर जळती मेणबत्ती हे चित्र कशाचं असतं ते वेगळं सांगायला नको. नातवंडांना त्यात काहीच वाटत नाही, पण हॉलमध्ये सत्तरी-ऐंशीच्या मावश्या-आत्या असणार, त्यातली एकतरी म्हणणारच की अगं जित्याजागत्या माणसाचा फोटो जाळायला का ठेवलायस! त्यात सासूबाईंचा चेहरा अर्धा वितळून खाली ओघळलाय हे दृश्य म्हणजे... नकोच. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, मेणबत्ती अशी करायची की प्रश्नच येऊ नये. मेणाची वस्तू केली म्हणजे ती पेटवायलाच हवी असं थोडंच आहे? वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये स्टॉलवर मेणाचे हात, पाय, घर, बाळ सगळं मिळतं, लोक नवसाला ते वाहतात, वात लावत नाहीत.

तर तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत, सोप्यापासून सांगते.

सगळ्यात सोपा आणि खरी ज्योत हवीच असेल तर एकमेव पर्याय म्हणजे फोटो मेणावर लावायचाच नाही, काचेच्या ग्लासवर लावायचा. सरळ भिंतीचा जाड काचेचा पाण्याचा ग्लास घ्या, निमुळता नको, निमुळत्यावर कागद तिरका बसतो आणि मुलं वैतागतात. फोटो ट्रेसिंग पेपरवर प्रिंट करायचा, इंजिनिअरिंग ड्रॉइंगला वापरतात तो जाडसर, 90-95 जीएसएमचा. हे मात्र घरच्या इंक टँकवर करू नका, ट्रेसिंग पेपर शाई पीत नाही, ती वरच ओली राहते आणि बोट लागलं की फोटोला मिशा फुटतात. झेरॉक्सच्या दुकानात लेझरवर काढून घ्या. ग्लासचा घेर दोऱ्याने मोजायचा, त्यात अर्धा-पाऊण सेंटीमीटर जोडासाठी धरायचा, कागदाची उंची ग्लासच्या काठापेक्षा निदान दीड-दोन सेंटीमीटर कमी ठेवायची, मागे दुहेरी चिकटपट्टी लावली की झालं. आत तळाला बोटभर वाळू, त्यावर टी-लाइट, म्हणजे पत्र्याच्या वाटीतली छोटी चपटी मेणबत्ती. काच मधे असल्यामुळे ज्योत कागदापर्यंत जात नाही, आणि उजेड मागून आल्यामुळे फोटो काय सुंदर उठतो! पहिलीतला मुलगा हे जवळजवळ स्वतः करू शकतो, फक्त पेटवायचं काम मोठ्यांचं.

दुसरा पर्याय म्हणजे तुम्ही करत होतात तोच, भरीव पिलर मेणबत्तीवर, म्हणजे खांबासारख्या जाड मेणबत्तीवर, टिश्यू बसवायचा, पण ती शोभेची म्हणून ठेवायची, वात कापून टाकायची किंवा वर सेलवरचा छोटा दिवा ठेवायचा. वात कापाच. तशीच ठेवलीत तर केक कापताना कोणीतरी उत्साही काका लायटर काढतातच.

तिसरा पर्याय थोडा मेहनतीचा आहे पण माझा सगळ्यात आवडता, पोकळ मेणाचा कंदील. त्याबद्दल पुढे सांगते, आधी टिश्यूचं बघू कारण तो दोन्हीला लागतो.

टिश्यू म्हणजे नाक पुसायचा किंवा हॉटेलात मिळतो तो नव्हे. बुटांच्या खोक्यात बूट ज्यात गुंडाळलेले असतात ना, तो पांढरा पातळ सळसळता कागद. गिफ्ट पॅकिंगच्या दुकानात पांढरा टिश्यू म्हणून मागा. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या मागे अब्दुल रहमान स्ट्रीटला पॅकिंगवाल्यांकडे मिळेल. बुटाच्या खोक्यातलासुद्धा चालतो, घड्या पडलेल्या असतात तेवढ्या कोमट इस्त्रीने काढायच्या. पूर्ण पांढराच घ्या. रंगीत पतंगाचा कागद घेतलात तर तो रंग फोटोवर चढतो.

आता प्रिंटरमध्ये का अडकतो. टिश्यूला स्वतःचा कडकपणा नाही, रोलरने ओढला की पुढची कड चुरगळते. म्हणून तो साध्या ए-फोर कागदावर बसवून सोडायचा. टिश्यू ए-फोरपेक्षा सगळीकडून एकेक इंच मोठा कापा, ए-फोर त्याच्या मधोमध ठेवा, जी कड प्रिंटरमध्ये आधी जाणार त्या कडेवरून टिश्यू मागे दुमडा आणि मागच्या बाजूला सेलोटेप मारा, तशाच बाकीच्या तिन्ही कडा. समोरून ताणून सपाट, पण ढोलकीसारखा ताठ नको, नाहीतर शाई पडल्यावर फाटतो. टिश्यूची एक बाजू जरा गुळगुळीत असते ती वर येऊ द्या. मग एकावेळी एकच कागद ट्रेमध्ये. गठ्ठ्याच्या वर ठेवू नका.

हे सगळं इंकजेटचं, म्हणजे तुमच्या इंक टँकसारख्या पातळ शाईच्या प्रिंटरचं. लेझरवर करणार असाल तर सेलोटेप अजिबात नाही, कारण लेझर प्रिंटर टोनर वितळवून कागदावर दाबतो, आतला रोलर साधारण 200 अंशांपर्यंत तापतो, टेप त्यावर वितळून चिकटली तर दुकानदार तुम्हाला जन्मभर लक्षात ठेवेल. लेझरसाठी फक्त पुढची कड दुमडून ग्लू स्टिकने चिकटवायची आणि पूर्ण वाळू द्यायची. तरी बरेच झेरॉक्सवाले टिश्यू घालू देत नाहीत आणि मशीन त्यांचं आहे, त्यामुळे बरोबरच आहे त्यांचं. तुमचा घरचा इंक टँक या कामाला उत्तम आहे, उगाच धावपळ नको.

सेटिंगमध्ये कागद प्लेन ठेवा आणि क्वालिटी नॉर्मल. लोक हौसेने हाय क्वालिटी करतात, मग शाई इतकी पडते की टिश्यू लगदा होतो. फोटो थोडा उजळ करा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा, कारण मेण प्यायल्यावर तो थोडा गडद आणि मऊ दिसतो. आणि फोटो उलटा करायचा नाही! टी-शर्टवर छापताना आरशासारखा उलटा करतात ते डोक्यात असतं बऱ्याच जणांच्या, इथे कागद तसाच सरळ बसतो, उलटा केलात तर लग्नाची तारीख आरशात वाचावी लागेल. प्रिंट निघाली की दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, मग कडा कापून टिश्यू हलक्या हाताने सोडवा.

शाई पसरली ती फेविकॉलमुळे. फेविकॉलमध्ये पाणी असतं आणि घरच्या प्रिंटरची रंगीत शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी असते, ब्रश फिरवला की सासऱ्यांच्या कोटाचा निळा रंग सासूबाईंच्या शालूवर जाणारच. सुरकुत्याही त्यामुळेच, ओला टिश्यू फुगतो आणि वाळताना आकसतो, त्याखालचं मेण काही त्याच्याबरोबर आकसत नाही. शिवाय मेणावर फेविकॉल धड धरतही नाही, दोन महिन्यांनी पापुद्रा निघतो. या कामात गोंद लागतच नाही. मेण हाच गोंद. मेणात पाणी नसल्यामुळे पाण्यातली शाई त्यात हलत नाही, कितीही वितळवा, फोटो जागच्या जागी.

कृती अशी. मेणबत्ती पांढरी किंवा मोतिया रंगाची, बिनवासाची घ्या. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, फोटोत जिथे पांढरं आहे तिथे मागची मेणबत्ती दिसते, त्यामुळे लाल मेणबत्तीवर सगळे आजोबा लाल. वासाच्या मेणबत्तीत तेल असल्यामुळे ती मऊ असते, गरम केल्यावर आकार बिघडतो. तीन इंच व्यासाची घेतलीत तर घेर साधारण 24 सेंटीमीटर येतो, म्हणजे आडव्या ए-फोरमध्ये पूर्ण वेढा बसतो. पण मुलांबरोबर पहिल्यांदा करताना पूर्ण वेढा घेऊ नका, सात-आठ सेंटीमीटरचा एकच फोटो घ्या. जोड जुळवायची कटकट नाही.

टिश्यू मेणबत्तीवर जागेवर ठेवा, त्यावरून केकच्या टिनमध्ये घालतात तो बटर पेपर घट्ट गुंडाळा आणि त्याची दोन्ही टोकं मागे एका मुठीत पकडा, जणू मेणबत्तीची शेंडी धरलीये. सगळी सुरकुती इथेच निघाली पाहिजे, नंतर निघत नाही. आता हेअर ड्रायर, उष्णता जास्त आणि वारा कमी, दहा-एक सेंटीमीटरवरून, एका जागी न थांबता. सुरुवातीला काहीच होत नाही, मुलं विचारतात झालं का झालं का, आणि मग एकदम बटर पेपरखाली एक ओलसर चमक सुटायला लागते, भजीचा कागद तेल पितो तशी. ती चमक जिथे आली तिथे टिश्यू मेणात मुरला. तिथून पुढे सरका. फोटोच्या मधून कडांकडे जायचं म्हणजे हवा बाहेर निघते. कडा नीट मुरल्या की टिश्यूचा पांढरा कागद दिसेनासा होतो, फोटो जणू मेणाच्या आतच छापलाय असं वाटतं. हा क्षण मुलांना चुकवू देऊ नका, सगळी गंमत याच्यात आहे. सगळीकडे चमक आली की मिनिटभर थांबा आणि मेण कोमट असतानाच बटर पेपर हळूहळू एका कोपऱ्यातून सोलून काढा. पूर्ण गार झाल्यावर ओढलात तर कधी कधी मेणाचा पापुद्रा बरोबर येतो, फार गरम असताना ओढलात तर पृष्ठभाग खरबरीत होतो.

कुठे पांढुरका डाग राहिला तर तिथे मेण पोचलेलं नाही, परत बटर पेपर लावून तेवढंच गरम करा. बुडबुडा आला तर सुईने टोचा आणि स्टीलचा चमचा गरम पाण्यात बुडवून, पुसून, त्याच्या पाठीने दाबा. चमच्याची ही पद्धत जुनी आहे, ड्रायर नव्हते तेव्हा सगळं कामच चमच्याने व्हायचं, आणि खरं सांगू का, छोट्या फोटोला मला अजूनही चमचाच आवडतो, हाताला कळतं मेण कुठे सुटलंय ते. हीट गन मात्र मुलांच्या हातात नको. त्याची हवा 300 अंशांच्या पुढे जाते, टिश्यू करपतो आणि बोटंही भाजतात.

वरून अजून एक मेणाचा थर द्यायचा का असं बरेच जण विचारतात. दिला तर फोटो सुरक्षित राहतो, पण पूर्ण मेणबत्ती बुडेल एवढं खोल भांडं आणि एवढं वितळलेलं मेण लागतं. मेण 75-80 अंशांना असताना दोन-तीन सेकंद बुडवून सरळ वर काढायची, थर पातळ आणि पारदर्शक येतो. मेण कमी गरम असेल तर जाड दुधी थर बसतो आणि फोटो धुक्यात गेल्यासारखा होतो. घरगुती कामाला याची गरज नाही असं माझं मत, टिश्यू नीट मुरला असेल तर तो सुटत नाही.

आता तो पोकळ कंदील. भरीव मेणबत्तीवर दिवा ठेवला तर उजेड वरच्या बोटभर भागातच राहतो, फोटोच्या मागे जात नाही. पोकळ असेल तर पूर्ण भिंत उजळते आणि चेहरे आतून प्रकाशतात. त्यासाठी साचा लागतो, साधा प्लास्टिकचा किंवा स्टीलचा डबा, तोंडाशी किंचित रुंद, आतून गुळगुळीत, 10-12 सेंटीमीटर व्यासाचा. पिलरसाठीचं पॅराफिन मेण घ्या, 58 ते 62 अंशांना वितळणारं. सोया मेण यासाठी नको, ते बहुतेक ग्लासात ओतायचं मऊ मेण असतं, स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. मेण वितळवून डबा भरायचा आणि थांबायचं. बाहेरून आत ते थिजत जातं, वरचा पापुद्रा सुरीने कापून बघायचा, भिंत पाऊण ते एक सेंटीमीटर झाली की मधलं पातळ मेण परत भांड्यात ओतून द्यायचं. पूर्ण गार झालं की मेण आकसतं आणि कवच आपोआप सुटतं, नाही सुटलं तर थोडा वेळ फ्रिजमध्ये. मग बाहेरून टिश्यू वरच्याच पद्धतीने, फक्त ड्रायर जपून, भिंत पातळ आहे, एका जागी धरलात तर आत वाकते. आत सेलवरचा दिवा ठेवायचा. एवढ्या मोठ्या कवचात छोटी खरी टी-लाइट लावणारेही आहेत, पण पंखे चालू असलेल्या हॉलमध्ये मी लावणार नाही आणि तुम्हीही लावू नका.

किती मेण लागेल हा पुढचा प्रश्न येणारच. भरीव मेणबत्ती स्वतः ओतणार असाल तर तीन इंच व्यास आणि चार इंच उंचीला साधारण 400 ग्रॅम मेण जातं. पण घरी दोन लहान मुलं आणि कार्यक्रम तोंडावर असताना भरीव मेणबत्त्या ओतत बसू नका, तयार आणा. कंदील हौस म्हणून दोन करा, मुख्य टेबलावर आणि दाराशी, बाकी टेबलांना ट्रेसिंग पेपरचे ग्लास. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.

मेण वितळवण्याबद्दल थोडं कडक बोलते. थेट गॅसवर भांडं कधीच नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं, बारीक गॅस. म्हणजे मेण शंभरच्या वर जाऊच शकत नाही. थेट आचेवर ते 200 अंशांच्या पुढे गेलं की त्याची वाफ पेटू शकते आणि ते उकळून सूचना देत नाही, शांतच दिसतं. पेटलंच तर पाणी टाकायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचं, म्हणून झाकण आधीच हाताशी. उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात थिजतं, कागदी ग्लासात ओतून ठेवा, पुढच्या वेळी वापरता येतं. अंगावर मेण पडलं तर वीस मिनिटं नळाच्या साध्या गार पाण्याखाली धरायचं, चिकटलेलं मेण ओरबाडायचं नाही, हळद-टूथपेस्ट काही लावायचं नाही. आणि हे वितळवायचं काम मुलं ओट्यापाशी नसताना, आदल्या रात्री ती झोपल्यावर करून ठेवलंत तर सगळ्यात बरं.

मग मुलांनी करायचं काय? भरपूर आहे. मला विचाराल तर पहिला अर्धा दिवस मेणाला हातच लावू नका, अल्बम काढा आणि आजी-आजोबांना मधे बसवा. हा कोण, ही कोण, हा स्कूटरवाला काका आता कुठे असतो, यातच दुपार जाते आणि फोटोही निवडले जातात. मुलीला फोनवर फोटोंचे फोटो काढायला द्या. खिडकीजवळ, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, फोन फोटोला समांतर. चिकटपानांच्या अल्बममधले फोटो सोडवायला जाऊ नका, वरचं प्लास्टिक उचलून आहे तिथेच फोटो काढा, जुने प्रिंट ओढले की फाटतात. पहिलीतल्याला घेर मोजायला दोरा द्या, बटर पेपरचे तुकडे कापू दे, रिबन निवडू दे. ड्रायर चौथीतली मुलगी धरू शकते, मेणबत्ती तुम्ही धरायची.

फोटो निवडताना एक चेहरा किंवा दोन, बस्. पंचवीस जणांचा ग्रुप फोटो आठ सेंटीमीटरात मुंग्यांसारखा दिसतो, टिश्यूवर बारकावे टिकत नाहीत. लग्नातले कृष्णधवल फोटो यासाठी अप्रतिम, मुंडावळ्या, जाड फ्रेमचा चष्मा, स्टुडिओतला रंगवलेला पडदा, सगळं मेणावर छान उतरतं. ते ग्रेस्केल मोडमध्येच छापा, नाहीतर प्रिंटर काळा रंग तीन रंग मिसळून करतो आणि फोटोला हिरवट झाक येते. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो बहुधा लालसर झालेले असतील, त्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो म्हणून लाल उरतो. ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा फोनवर कृष्णधवल करून टाका, बाकीच्यांशी मेळही बसतो. चेहऱ्याच्या मागे गडद पार्श्वभूमी असेल तर फोटोची चौकट मेणबत्तीवर ठसठशीत दिसते, फिकट असेल तर कडा मेणात विरून जातात, मला दुसरं जास्त आवडतं. आणि हयात नसलेल्या माणसांचे फोटो या मेणबत्त्यांवर घ्यायचे की नाही हे घरात आधीच विचारून घ्या, काही घरी आवर्जून हवे असतात, काही घरी चालत नाहीत.

कार्यक्रम डिसेंबरात आहे म्हणजे हवामान तुमच्या बाजूने आहे, पण हॉलवर नेताना डिकीत उन्हात तासन्‌तास ठेवू नका. एकेक मेणबत्ती साध्या टिश्यूत किंवा मऊ सुती कापडात गुंडाळा. बबल रॅप थेट लावू नका, मेण किंचित जरी मऊ झालं तरी सगळ्या फुग्यांचे गोल ठसे फोटोवर उठतात. नंतर घरी ठेवायच्या असतील तर खिडकीतल्या उन्हापासून लांब, इंकजेटचे रंग उन्हाने फिके पडतात.

शेवटची गोष्ट सेलच्या दिव्यांची. त्या छोट्या दिव्यांत बटणासारखा चपटा सेल असतो आणि तो लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकून काही तासांत आतून भाजतो, हा खराखुरा धोका आहे. तळाचं झाकण स्क्रूने बंद होतं असेच दिवे घ्या, नुसतं बोटाने उघडणारे नकोत. हॉलमध्ये चिल्लीपिल्ली ते दिवे खेळायला उचलतातच, त्यामुळे किती आणले ते मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगा आणि टेबलं आवरताना तिच्याकडूनच मोजून घ्या. कोणी खरंच सेल गिळला असं वाटलं तर उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.